परिचारिकेच्या शेजारची खुर्ची

कामगार संघटना म्हटली की संप, मोर्चे आणि वेतनाच्या वाटाघाटी यांचेच चित्र बहुधा आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु संघटनेचे सत्त्व खरे कसाला लागते ते चौकशीच्या लहानशा खोलीत, असे माझे मत आहे, आणि ब्रिटनमधील परिचारिकांच्या ‘रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग’ या संस्थेचा इतिहास पाहता ते अधिकच दृढ होते. १९१६ साली व्यावसायिक संस्था म्हणून स्थापन झालेल्या आणि पुढे साठ वर्षांनी कामगार संघटनेचे रूप धारण केलेल्या या संस्थेने संपाचे हत्यार आपण होऊन वर्ज्य मानले होते. १९९५ साली तिने तो निर्बंध उठविला खरा, तथापि इंग्लंडमध्ये तिचा पहिला संप व्हावयास २०२२ चा डिसेंबर उजाडावा लागला. एवढ्या दीर्घ काळात सामान्य सभासदाला संघटनेचा प्रत्यय आला तो वॉर्डात आपल्याबरोबरच ड्यूटी करणाऱ्या प्रतिनिधीकडून.

ही प्रतिनिधी संघटनेची पगारी नोकर नव्हे. ती स्वतः परिचारिकाच असते. कोणी सहकाऱ्यांच्या शिक्षणाची सोय पाहते. कोणी सुरक्षिततेची जबाबदारी घेते आणि दर तीन महिन्यांनी कामाच्या जागेची तपासणी करण्याचा कायदेशीर हक्क बजावते. परंतु सर्वांत नाजूक कामगिरी ‘स्टुअर्ड’ म्हणविल्या जाणाऱ्या प्रतिनिधीची.

समजा, रात्रपाळीत औषधाची मात्रा चुकली आणि परिचारिकेच्या हाती चौकशीची नोटीस पडली. भयाने व अपराधाच्या जाणिवेने खचलेली ती बाई घाईघाईने कबुलीजबाब लिहून देण्याच्या बेतात असते. अशा वेळी स्टुअर्ड तिला थांबविते, आरोप नेमका काय आहे ते तिच्यासमवेत वाचते, आणि त्या रात्री वॉर्डात रुग्ण किती होते, परिचारिका किती होत्या, याचे दप्तर मागविते. कारण एकीच्या माथी येणाऱ्या चुकीचे मूळ पुष्कळदा मनुष्यबळाच्या तुटवड्यात असते, आणि ते दाखवून दिल्याविना रुग्णाचेही हित साधत नाही. १९९९ च्या कायद्यान्वये शिस्तभंगाच्या सुनावणीस असा सोबती नेण्याचा हक्क तेथील प्रत्येक कामगाराला आहे. सोबत्याने बाजू मांडावी, समारोप करावा, मध्येच थांबून सल्लामसलत करावी, एवढी मुभा आहे. मात्र प्रश्नांची उत्तरे आरोपीच्या वतीने देण्याचा अधिकार त्याला नाही. ही मर्यादा मला यथोचित वाटते, कारण तिच्यामुळे परिचारिकेचे उत्तरदायित्व तिच्याचपाशी राहते आणि एकाकीपण तेवढे दूर होते.

आपल्याकडून ब्रिटनच्या रुग्णालयांत नोकरीस जाणाऱ्या भगिनींना माझे आग्रहाचे सांगणे आहे : रुजू होताच आपल्या वॉर्डाची प्रतिनिधी कोण, हे विचारून घ्या. सुनावणीच्या दिवशी तिला सवड नसेल, तर पाच कामकाजी दिवसांच्या आतील दुसरी सोयीची वेळ सुचवा; तेवढ्यापुरती सुनावणी पुढे ढकलणे मालकावर बंधनकारक आहे. तिच्यावाचून त्या खोलीत पाऊल टाकू नका.