प्रेक्षकाच्या हातीं दिलेली वाट

चित्रपटगृहांत बसलेल्या प्रेक्षकाला एकच काम असतें : पडद्यावर जें येईल तें, ज्या क्रमानें येईल त्या क्रमानें पाहत राहणें. संगणकाच्या आगमनानंतर अनुबोधपटाचा एक निराळा प्रकार उदयास आला. त्यांत पुढें काय पाहावें, कोठें थांबावें, हें कांहीं अंशीं प्रेक्षकच ठरवितो. अशा कृतीस संवादी अनुबोधपट म्हणतात. प्रेक्षकाच्या हातीं वाट दिली म्हणजे रचनाकाराचें काम हलकें झालें, असें कोणास वाटेल. परंतु काय द्यावें आणि काय राखून ठेवावें हा अवघड प्रश्न तेथूनच सुरू होतो. कथेच्या केंद्रस्थानीं एखादा जीव असेल, तर तो अधिकच बिकट होतो.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या दोन कृति या दृष्टीनें बोधप्रद आहेत. पहिली, काटेरीना सिझेक यांनीं दिग्दर्शित केलेली २०१० सालची 'आउट माय विंडो'. जगांतील १३ शहरांत उंच इमारतींमध्यें राहणाऱ्या माणसांच्या ४९ कथा तींत आहेत. त्यांत आपलें बंगलोरही आहे. प्रेक्षक एखादें घर निवडतो, खोलीभर नजर फिरवितो, आणि तेथील एखादी वस्तु निवडतांच तिच्यामागील गोष्ट उलगडते. या कथांना ठराविक क्रम नाहीं, आणि तो नसलेलाच बरा. कारण शेजाऱ्यांची ओळख कोणत्याही दारापासून सुरू होऊं शकते.

दुसरी कृति २०१२ सालची 'बेअर ७१'. लीअ‍ॅन अ‍ॅलिसन आणि जेरेमी मेंडेस हे तिचे कर्ते. हिची नायिका बॅन्फ राष्ट्रीय उद्यानांतील ग्रिझली जातीच्या अस्वलाची एक मादी आहे. तिसऱ्या वर्षीं तिला पकडून गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधण्यांत आला, आणि ७१ हा आंकडा हेंच तिचें नांव झालें. ज्या खोऱ्यांत ती वावरली, त्यांतूनच हमरस्ता आणि लोहमार्ग जातात. मालगाड्यांतून सांडणाऱ्या धान्याच्या लोभानें अस्वलें रुळांवर येतात. २००९ सालीं आगगाडीखालीं सांपडून तिचा अंत झाला.

घरांच्या कथा कशाही क्रमानें ऐकल्या तरी चालतें. आयुष्य मात्र एकाच दिशेनें जातें. म्हणून येथें रचनेचे दोन भाग केले आहेत. नायिकेचें निवेदन सुमारें २० मिनिटें आरंभापासून शेवटापर्यंत चालतें. तो कथेचा कणा. त्याच वेळीं प्रेक्षक खोऱ्याच्या नकाशावर स्वैर हिंडतो, आणि रानांतील स्वयंचलित कॅमेऱ्यांनीं टिपलेलीं चित्रें पाहतो. इतकेंच नव्हे, तर त्याच्या संगणकाचा कॅमेरा चालू असल्यास त्याचीही गणना टिपल्या गेलेल्या प्राण्यांत होते. पाहणाराच पाहिला जातो, आणि पाळत म्हणजे काय हें त्याला व्याख्यानावांचून उमगतें.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. अस्वल बोलत नाहीं. तिचे शब्द जे. बी. मॅकिनन यांनीं लिहिले आणि वाणी मिया कर्शनर या अभिनेत्रीची आहे. चित्रें हा पुरावा, वाणी ही कल्पना. ही सीमा पुसली, तर अनुबोधपटाचा प्रामाणिकपणा जातो. पात्र मनुष्य असेल, तर त्याचे शब्द त्याचेच असावेत, हा नियम कठोरपणें पाळावा लागतो.

खेळ रचणारा कारागीर येथें प्रेक्षकाला नायिकेस वांचविण्याची एखादी युक्ति देता. या रचनाकारांनीं ती दिली नाहीं. प्रेक्षक कोणत्याही वाटेनें गेला, तरी गाडी येतेच. हिंडण्याचें स्वातंत्र्य त्याला आहे, घडून गेलेलें बदलण्याचें नाहीं. खऱ्या जीवाची कथा सांगणारास हा नकार द्यावाच लागतो. कारण प्रेक्षकाच्या समाधानासाठीं एका मरणाची नोंद खोडणें, हा त्या मृत जिवावर अन्यायच होय.