थेट प्रक्षेपण आणि आलेखाचा कागद



वाईकरांच्या वतीने आपणा विज्ञान शिक्षकांचं स्वागत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावातून मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्यांना हे गाव परकं वाटू नये. राहण्या-जेवण्यात काही उणं राहिलं, तर ते माझ्या खात्यावर मांडा.

संमेलनाचा विषय वेबकास्ट, म्हणजे इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण. पडद्यावरून शिक्षकांपर्यंत पोचण्याची धडपड आपल्या देशात जुनी आहे. १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी गेली, हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचं प्रशिक्षण मिळालं. (त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, ही रुखरुख आहेच.) पण तिथे कार्यक्रम ठरल्या वेळी दिसे आणि संपे. वेबकास्टचं रेकॉर्डिंग थांबवता येतं, मागे नेता येतं. आपण मात्र थेट प्रक्षेपणाच्या वेळी मुलांना हॉलमध्ये बसवतो, टाळ्या वाजवतो, फोटो काढून अहवाल पाठवतो. याला मी अध्यापन म्हणणार नाही.

२३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ घ्या. ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं. उतरण सुरू झाली तेव्हा उंची सुमारे ३० किलोमीटर, आडवा वेग सेकंदाला जवळजवळ १.७ किलोमीटर. उंची-वेगाचे आकडे पडद्यावर येत होते आणि आपण सगळे जल्लोषाची वाट पाहत होतो! तेच रेकॉर्डिंग नववीच्या वर्गात मिनिटामिनिटाला थांबवा, आकडे मुलांना टिपू द्या, आलेख काढू द्या. आडवा वेग आधी का घटवावा लागला, हे मग मुलंच विचारतील.

आणखी एक गंमत. थेट प्रक्षेपण दोन मोबाइलवर लावलं की एकावर टाळ्या आधी वाजतात. चंद्रावरून संदेश पृथ्वीवर यायला सव्वा सेकंद पुरतो. मग या दोन मोबाइलमधला वेळेचा फरक कुठून आला? स्टॉपवॉच घेऊन मोजायला लावा, आठवड्याचा प्रकल्प झाला.

अर्थात, शिक्षकाने रेकॉर्डिंग आधी एकट्याने पाहिलेलं हवं, कुठे थांबायचं हे ठरवलेलं हवं. जिथे रेंज नाही, तिथे ते आदल्या दिवशी उतरवून न्यावं.

दुपारच्या सत्रात चंद्रयान-३ची हीच उतरण आपण स्वतः आलेखावर काढणार आहोत. कागद स्वागत समितीचा, पेन्सिल मात्र ज्याची त्याने आणायची. संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.