घरच्या चित्रणासाठी दिवा घेताना

येवल्याची डाळिंबी रंगाची एक पैठणी आहे असे समजा. विणकराच्या घरातली सून संध्याकाळी कामे आटोपली की ती पैठणी पलंगावर पसरते, मोबाइलवर चार फोटो काढते आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवते. गिऱ्हाइकाला रंग आवडतो, पैसे येतात, साडी जाते. आणि आठव्या दिवशी तीच साडी परत येते. बरोबर चिठ्ठी असते, ‘फोटोत विटकरी दिसत होती, ही तर डाळिंबी निघाली.’ बाईने फसवले नाही, गिऱ्हाईकही खोटे सांगत नाही. लबाडी केली ती डोक्यावरच्या दिव्याने.

आज घरोघर असले चित्रण चालू आहे. कोणी लोणच्याच्या बरण्यांचे फोटो काढतो, कोणी दहावीचे गणित शिकवून त्याची चित्रफीत मुलांना पाठवतो, कोणी स्थळासाठी मुलीचा फोटो घरच्या घरीच काढतो. कॅमेरा तर फोनबरोबर खिशात आलेलाच आहे. कमी पडतो तो उजेड. मग एखादा एलईडीचा दिवा घ्यावा असे वाटू लागते, आणि बाजारात गेले की खोक्यांवरचे आकडे पाहून माणूस गांगरतो. त्यातले कोणते आकडे पाहायचे आणि कोणत्यांकडे पाठ फिरवायची, तेवढेच मला सांगायचे आहे. कंपन्यांची नावे मी घेणार नाही. ती दर दोन वर्षांनी बदलतात. उजेडाचे नियम काही बदलत नाहीत.

दिव्याआधी मात्र खिडकी. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला, त्याचे चित्रण दादासाहेब फाळक्यांनी सूर्याच्या उजेडातच केले होते. तुमच्या घरात ऊन थेट येत नाही अशी एखादी खिडकी असेल, तर सकाळी नऊ ते अकरा या वेळात तिच्याजवळ जो उजेड मिळतो त्याची बरोबरी करणारा दिवा घ्यायला पुष्कळ पैसे मोजावे लागतील. तेव्हा ज्याला दिवसा सवड आहे त्याने एक पांढरा पडदा घ्यावा आणि दिव्याचे पैसे वाचवावेत. पण ज्याला संध्याकाळीच वेळ मिळतो, ज्याची खोली चाळीच्या आतल्या अंगाला आहे, किंवा आषाढात ज्याच्या खिडकीत दिवसाच अंधारून येते, त्याला दिव्यावाचून गत्यंतर नाही.

आता त्या लबाडीचे मूळ पाहू. पांढरा एलईडी हा मुळात पांढरा नसतोच. आत निळा उजेड देणारी एक बारीकशी चकती असते आणि तिच्यावर पिवळट लेप दिलेला असतो. लेप निळ्यातला काही भाग गिळतो आणि पिवळा करून बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरे वाटते. हा निळा एलईडी साधायला फार वर्षे लागली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. युक्ती मोठी खरी, पण स्वस्त लेपातून गडद तांबडा रंग फार थोडा बाहेर पडतो. आणि जो रंग दिव्यातच नाही, तो साडीवरून परतून कॅमेऱ्यात शिरणार कोठून? कुंकू, डाळिंब, लाल तिखट, गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावरची तजेलदार झाक, हे सारे असल्या दिव्याखाली मळकट दिसते. माणूस आजारी दिसतो. आपण म्हणतो, फोन चांगला नाही!

ही खोट किती आहे ते सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय. तो १०० पैकी असतो. घरातल्या नेहमीच्या बल्बांचा बहुधा ८० च्या आसपास असतो. चित्रणाच्या दिव्याचा ९५ किंवा त्याहून अधिक असावा. पण यातही एक मेख आहे. हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी काढून देतात आणि त्या आठांत गडद तांबडा नसतोच. त्याची परीक्षा निराळी, तिला आर-९ म्हणतात. दुकानदाराला आर-९ किती म्हणून विचारा. तो ८० च्या पुढे असेल तर उत्तम. दुकानदाराने हा शब्दच ऐकलेला नसेल, तर माहितीपत्रक मागा. काही दिव्यांवर टीएलसीआय असाही एक आकडा असतो. सीआरआय माणसाच्या डोळ्यासाठी ठरवलेला, तर हा युरोपातल्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थांच्या संघाने २०१२ साली खास कॅमेऱ्याच्या दृष्टीने पुढे आणला. तोही ९५ च्या घरात असला म्हणजे झाले.

खोक्यावर काय, काहीही छापता येते. तेव्हा घरी पारख करा. एका पांढऱ्या कागदावर चिमूटभर कुंकू आणि चिमूटभर हळद ठेवा. सकाळी खिडकीशी त्याचा फोटो घ्या, रात्री बाकीचे सगळे दिवे मालवून नव्या दिव्याखाली घ्या. दोन्ही वेळा फोनला कागदाचा पांढरा रंग ‘हा पांढरा’ म्हणून ठरवून द्या, म्हणजे फोन आपल्या मनाने रंग बदलणार नाही. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. हळद बहुतेक दिव्यांत पास होते. नापास होते ते कुंकू.

दुसरी खोड थरथरीची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, आणि हलक्या प्रतीचा दिवा तिच्या तालावर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. चित्रफितीत काळसर पट्टे वर-खाली सरकू लागतात. फोनमध्ये उघडझापीचा वेळ सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला तर पुष्कळदा हे पट्टे जातात. पण दिवा घेतानाच पाहिलेले बरे. दिव्यासमोर पेन्सिल पंख्याच्या पात्यासारखी भराभर हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा चांगला; एकामागे एक सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो ठेवून द्या. दिवा पूर्ण तेजावर असताना एकदा आणि मंद करून एकदा, अशी दोनदा पेन्सिल हलवा, कारण काही दिव्यांची खोड मंद केल्यावरच बाहेर येते.

वॅटकडे मात्र लोक उगाच फार पाहतात. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो त्याचे माप; उजेड किती देतो ते त्यावरून नेमके कळत नाही. एक मीटरवर किती लक्स पडतात ते पाहावे. आणि लहान दिवा दोन मीटरवरून एक मीटरवर आणला तर उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणजे मोठा दिवा घेण्यापेक्षा लहानच दिवा दोन पावले पुढे सरकवणे कितीतरी स्वस्त! घरच्या खोलीत एका माणसाचे किंवा एका साडीचे चित्रण करायचे तर ४० ते ६० वॅटचा खरा दिवा पुरून उरतो. बरणीला आणि दागिन्याला त्याच्याही निम्मा चालतो.

आता या सगळ्यात मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, ती कोणत्याही खोक्यात मिळत नाही. ती म्हणजे उजेडाचा मऊपणा. नाकाची सावली गालावर चाकूने कापल्यासारखी पडली की चेहरा रागीट दिसतो. सावली मऊ कशाने होते? दिवा मंद केल्याने नव्हे. उजेड जिथून येतो ती जागा मोठी केल्याने. सूर्य केवढा प्रचंड, पण आपल्याला तो रुपयाएवढा दिसतो, म्हणून दुपारची सावली धारदार. तोच ढगाआड गेला की सगळे आकाशच दिवा होते आणि सावली विरघळते. घरी हेच करायचे. कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढरी धुवट चादर टांगा आणि दिवा तिच्या मागे दोन-तीन फुटांवर ठेवा. आता चादर हाच तुमचा दिवा. बसणाऱ्या माणसाने तिच्या जितके जवळ बसावे तितकी सावली मऊ. चादर निळसर झाक मारणारी नको. निळीत बुडवलेली तर मुळीच नको. ती बराच उजेड खाते हे खरे, म्हणून तर दिवा जवळ ओढायचा. चादर नसेल तर दिवा पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लावा. भिंत पिस्त्याच्या रंगाची असेल तर माणूसही पिस्त्याचा होईल, एवढे लक्षात ठेवा.

चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला अंधार राहतो, तिथे थर्मोकोलची पांढरी पाटी उभी करायची. मुंबईच्या चित्रपटवाल्यांनी वर्षानुवर्षे याच पाट्यांवर नायिकांचे चेहरे उजळले आहेत. दुसरा दिवा घेण्याची घाई नको.

पैठणीच्या जरीला तर चादरीवाचून तरणोपाय नाही. जर ही आरशासारखी असते. लहान दिवा लावला की चार ठिकाणी भगभगीत ठिपके आणि बाकी पदर काळा. मोठी पांढरी चादर एका अंगाला धरली की तिचे प्रतिबिंब सगळ्या जरीत उतरते आणि सोने सोन्यासारखे दिसते. विणीचा पोत दाखवायचा असेल तर उजेड वरून नको, बाजूने तिरपा येऊ द्या.

मधोमध फोन अडकवायचा तो गोल कड्यासारखा दिवा फार खपतो. स्वस्त आहे, सुटसुटीत आहे, पण माझे मत त्याच्या बाजूचे नाही. उजेड समोरून येऊन चेहरा सपाट होतो, बुबुळात पांढरी कडी उमटतात, आणि चष्मेवाल्या मास्तरांच्या तर दोन्ही काचांत दोन कडी! चष्मा असेल तर दिवा बाजूला घेऊन डोक्याच्या वर चढवावा.

उजेडाच्या रंगाचे माप केल्व्हिनमध्ये देतात. ३००० च्या आसपास पिवळसर, ५५०० च्या आसपास दिवसासारखा. दोन्ही रंग देणारा दिवा थोडा महाग पडतो, आणि स्वस्त जातीत एका टोकाला नेला की आतले निम्मेच एलईडी पेटतात, म्हणजे पैसे पुऱ्या दिव्याचे आणि उजेड अर्ध्याचा. तुम्ही एकाच खोलीत चित्रण करणार असाल तर ५६०० चा एकरंगी घ्या आणि चित्रणाच्या वेळी छताचा पिवळा बल्ब आठवणीने बंद करा. एक गाल निळा आणि एक पिवळा ही तक्रार बहुतेक त्या विसरलेल्या बल्बाचीच असते. जांभळे, हिरवे, गुलाबी रंग पालटणाऱ्या दिव्याचा मोह सोडा. ते पैसे तांबड्या रंगाच्या शुद्धतेवर खर्च करा.

ज्याचा हात फारच आखडता आहे त्याने ९० च्या वर सीआरआय असलेला साधा बल्बच शोधावा. नेहमीच्या बल्बापेक्षा तो महाग, पण चित्रणाच्या दिव्यापेक्षा पुष्कळच स्वस्त. फक्त एक बघा: आपल्या घरचे होल्डर दोन पिनांचे आणि चित्रणाच्या छत्र्यांचे होल्डर आट्यांचे असतात. दोहोंना जोडणारा तुकडा विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. ज्याला थोडे अधिक परवडते त्याने पुढच्या तोंडावर ‘बोवेन्स’ जातीची खाच आहे असा दिवा घ्यावा. ती मूळ इंग्रज कंपनी २०१७ साली बंद पडली, पण तिची खाच मागे राहिली, आणि आज नाना कंपन्यांच्या छत्र्या-टोपल्या तीत बसतात.

किंमत विचारताना खोक्यात काय नाही तेही विचारा. बॅटरीवरच्या सपाट दिव्यांत पुष्कळदा बॅटरी आणि चार्जर वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि मग स्वस्त दिवा एकदम महाग होतो. भिंतीतल्या विजेवर चालणारा घेतला तर आतला पंखा किती घरघरतो ते कान देऊन ऐका. गणिताच्या तासात ती घरघर पाढ्यांच्या वर ऐकू येते. तिकाटणे हलके असते, मुले धावतात, म्हणून त्याच्या पायावर तांदळाची पिशवी ठेवावी.

दिवा घरी आला की त्याच संध्याकाळी कुंकवाची आणि पेन्सिलीची परीक्षा उरका. माल परत घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, आणि तोवर खोके व पावती माळ्यावर टाकू नका.