हुप्प्याचा अंमल आणि टोळीची घडण



वानराविषयी आपल्या समाजाचे वर्तन फारसे सुसंगत नाही. ज्याच्या रूपाने आपण गावोगाव मारुतीची देवळे बांधली आणि ज्याला शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतो, त्याच्याच गोताने परसातल्या पपया उतरवल्या की गोफण शोधण्यास आपणांस क्षणाचाही विलंब लागत नाही. परंतु हात जोडणारा काय किंवा गोफण फिरवणारा काय, दोघेही एक गोष्ट धरून चालतात की वानराचा म्हणून एक कायमचा स्वभाव आहे. हुप्प्या म्हटला की तो दांडगा, आणि मादी म्हटली की ती पोराला पोटाशी धरून निमूट बसणारी. आज मला जे सांगावयाचे आहे ते या समजुतीला छेद देणारे आहे. नर आणि मादी यांचा समागमविषयक व्यवहार, हा त्यांच्या पिंडावर जेवढा अवलंबून असतो त्याहून पुष्कळ अधिक त्यांच्या टोळीच्या घडणीवर, म्हणजे टोळीत वयात आलेले नर किती, माद्या किती, त्या माद्या परस्परांच्या कोण लागतात आणि कोणाचा अंमल किती दिवस टिकण्याजोगा आहे, यावर अवलंबून असतो, असे माझे म्हणणे आहे. विषय काहीसा नाजूक आहे. परंतु या व्यासपीठावरून श्रोत्यांनी याहून अवघड विषय न कुरकुरता ऐकून घेतलेले असल्यामुळे मी निर्धास्त आहे.

प्रारंभी, माणसाने नकळत स्वहस्ते घडवून आणलेल्या एका अनर्थाची कैफियत सांगतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ साली एक कृत्रिम टेकडी उभारून तीवर हमाद्रयास जातीचे शंभरेक बबून सोडण्यात आले. खांद्यावर रुपेरी आयाळ मिरवणारे नर तेवढे ठेवावयाचे, असा चालकांचा मनसुबा होता. पण आलेल्या जथ्यात सहा माद्या चुकून निघाल्या. शंभरांत सहा, हे प्रमाण पाहिले की पुढचे सांगावयास नको. मारामाऱ्या सुरू झाल्या, आणि त्यांवर उपाय म्हणून १९२७ साली आणखी तीस माद्या टेकडीवर सोडण्यात आल्या, तेव्हा तर रक्तपाताला ऊत आला. एकेका मादीवर इतक्या नरांनी झडप घालावी की ती ओढाताणीतच मरून पडावी, आणि तिच्या कलेवरावरूनही भांडण चालू राहावे, असा प्रकार वारंवार घडला; त्या माद्यांपैकी बहुतेक सर्व अशाच गेल्या. सॉली झुकरमन नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने या टेकडीवरील निरीक्षणांच्या आधारे १९३२ साली एक ग्रंथ लिहिला, आणि वानरांच्या समाजाला एकत्र बांधून ठेवणारे सूत्र म्हणजे अखंड कामवासना होय, असा सिद्धांत त्यात मांडला. पुढील पिढीभर तो सिद्धांत प्रमाण मानला गेला. एखाद्या शहराला वेढा पडला असता तेथील लोक काय खातात हे पाहून त्या प्रांताच्या पाकशास्त्रावर ग्रंथ लिहावा, तसे हे झाले.

कारण हान्स कुमर या स्विस संशोधकाने १९६०च्या दशकात इथिओपियाच्या रखरखीत डोंगरांत जाऊन हेच बबून त्यांच्या स्वतःच्या मुलखात पाहिले, तेव्हा चित्र अगदी निराळे निघाले. तेथे एकेका नराभोवती दोन-चार माद्यांचे लहानसे बिऱ्हाड असते, अशी अनेक बिऱ्हाडे मिळून मोठा जमाव बनतो, आणि रात्री तो सारा जमाव एकाच कड्यावर शेजारी शेजारी झोपतो. मादी थोडी दूर रेंगाळली की नर भुवया उंचावून तिच्याकडे रोखून पाहतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर धावत जाऊन तिच्या मानेला चावतो. चावलेली मादी पळून न जाता उलट त्याच्याच मागे येते. पण एका नराची वहिवाट दुसरा नर मान्य करतो, हा त्या व्यवस्थेचा खरा कणा होय. एखादी मादी दुसऱ्या नराबरोबर काही मिनिटे जरी वावरताना दिसली, तरी एरवी तिच्यासाठी झुंजला असता असा नर मुकाट्याने तोंड फिरवतो, हे कुमर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवून दिले. लंडनच्या टेकडीवर एकमेकांना अनोळखी असलेल्या नरांची गर्दी होती, आणि कोणाचीच वहिवाट सिद्ध झालेली नव्हती.

याच कुमरने आणखी एक प्रयोग केला, आणि माझ्या मते तो या संपूर्ण शास्त्रातील एक सुंदर प्रयोग आहे. अनुबिस नावाच्या शेजारच्या जातीत माद्या कोणा एका नराच्या मागे फिरत नाहीत. टोळीत पुष्कळ नर, पुष्कळ माद्या, आणि मादी माजावर आली की तात्पुरती जोडी, एवढाच तेथील रिवाज. अशा अनुबिस माद्या त्याने हमाद्रयासांच्या टोळीत सोडल्या. नरांनी त्यांना ताब्यात घेतले, माना चावल्या, आणि थोड्याच अवधीत त्या माद्या नराच्या मागे चालू लागल्या. उलटपक्षी हमाद्रयास माद्या अनुबिसांत सोडताच त्यांनी नरामागे जाण्याची सवय तितक्याच झटपट टाकली. जन्मभराची वळणे टोळी बदलताच एवढ्या लवकर बदलावीत, यावरून मादीचे वर्तन ठरवण्यात तिच्या भोवतालच्या नरांचा वाटा केवढा असतो, ते दिसून येते. नरांच्या बाबतीत मात्र इतकी लवचीकता आढळली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

आता आपल्या घराजवळ येऊ. ज्याला आपण काळ्या तोंडाचे वानर म्हणतो, त्याच्याविषयीचा वाद हा या विषयाचा खरा गाभा आहे. फिलिस जे या अमेरिकन विदुषीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर प्रदेशातील कौकोरी येथे आणि बस्तरच्या रानात ओर्छा येथे वानरांच्या टोळ्या पाहिल्या. त्यांत एकाहून अधिक नर असत, आणि ते बहुतांशी सलोख्याने राहत. तिने रंगवलेले चित्र शांतिप्रिय समाजाचे आहे. त्यानंतर लवकरच, १९६१ साली, क्योतो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा हे धारवाडला आले. धारवाड हे १९५६पर्यंत मुंबई राज्यातच होते, तेथील रानही आपल्या परिचयाचे, सागवानाचे आणि मिश्र झाडोऱ्याचे. तेथे सुगियामांना असे आढळले की बहुसंख्य टोळ्यांत वयात आलेला हुप्प्या एकच असतो, आणि उरलेले सारे नर टोळीबाहेर, स्वतंत्र जमाव करून, सरहद्दीवर घिरट्या घालत असतात. या बाहेरच्या नरांनी एखाद्या टोळीवर चाल करावी, जुन्या हुप्प्याला बेदखल करावे, मग विजेत्यांनी आपसांत लढून एकाने गादी बळकवावी, आणि त्यानंतर टोळीतील अंगावर पिणारी पिल्ले एकामागून एक दातांच्या जखमांनी मरावीत, असा क्रम त्यांनी नोंदवला. सुगियामांनी एका टोळीतील एकुलता नर मुद्दाम काढून नेऊन पाहिले. शेजारच्या टोळीचा नर येऊन दाखल झाला आणि पिल्ले मारली गेली. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांनीही असेच प्रकार पाहिले.

कोणाचे खरे मानायचे? काही विद्वानांनी निकाल दिला की पिल्लांची हत्या ही विकृती होय. माणसाने जंगल तोडून वानरांची दाटी केली, त्यामुळे त्यांची मती फिरली. हे मत ऐकावयास बरे वाटते, कारण त्यात वानराची अब्रू राहते आणि दोष आपल्याकडे येतो. पण सारा ब्लॅफर हर्डी ही संशोधिका १९७१ साली अबूच्या पहाडावर आली तीच मुळी या दाटीच्या उपपत्तीचा तपास करण्यासाठी, आणि परत गेली ती निराळा निष्कर्ष घेऊन. तिचा १९७७ सालचा ग्रंथ अबूच्या वानरांवरच आहे. तिने मांडलेला हिशेब मी माझ्या शब्दांत सांगतो.

एका नराच्या टोळीत हुप्प्याचा अंमल सरासरी सव्वादोन वर्षांच्या आसपास टिकतो. मादीचा गर्भकाळ सुमारे दोनशे दिवसांचा, आणि पिल्लू पीत असेतो, म्हणजे जवळजवळ वर्षभर, ती सहसा माजावर येत नाही. गादीवर आलेल्या नव्या हुप्प्याने आधीच्याच्या पिल्लांचे दूध तुटेपर्यंत वाट पाहिली, तर त्याच्या स्वतःच्या संततीला पुढच्या चढाईपूर्वी जाणते होण्यास अवधीच उरत नाही. पिल्लू मेले की मादी थोड्याच आठवड्यांत पुन्हा माजावर येते. हुप्प्या असा विचार करून पिल्लू मारतो असे कोणीही म्हणत नाही. अशा मुदतबंद अंमलात ज्या नरांच्या हातून हे घडते त्यांचे वारस अधिक उरतात, आणि वारसांबरोबर ती प्रवृत्तीही उरते, एवढाच डार्विनने १८७१ साली विस्ताराने मांडलेल्या लैंगिक निवडीच्या तत्त्वाचा येथे विनियोग आहे.

पण हर्डीचे खरे कार्य माझ्या मते याच्या पुढचे आहे. तोवरच्या पंडितांच्या लेखी मादी ही जिंकावयाची मालमत्ता होती. हर्डीने माद्यांकडे नीट पाहिले. वानरांच्या टोळीत माद्या जन्मभर एकाच टोळीत राहतात; आजी, आई, लेक, मावशी, असे ते एक माहेरघर असते, आणि हुप्प्ये मात्र येतात आणि जातात. अबूवरील सोल नावाची एक जख्ख म्हातारी, जिला स्वतःला पिल्ले होण्याचे दिवस कधीच सरले होते, ती दुसरीचे पिल्लू वाचवण्यासाठी पूर्ण वाढीच्या नरावर तुटून पडत असे. आणि मादीची दुसरी मसलत अधिक सूक्ष्म आहे. वानराच्या मादीला बबूनच्या मादीसारखी माजाची उघड सूज येत नाही. समागमाची इच्छा झाली म्हणजे ती नराकडे पाठ करते, शेपूट खाली टाकते आणि डोके भरभर हलवते. ही खूण ती वाटेल तेव्हा करू शकते, आणि गर्भ राहिल्यानंतरही करते. नवा हुप्प्या आला की गरोदर माद्याही त्याला रिझवतात; टोळीबाहेरचा नर जवळ आला तर त्यालाही. ज्या नराचा मादीशी संबंध आला आहे तो तिच्या पिल्लाला सहसा हात लावत नाही. पितृत्वाचा दस्तऐवज संदिग्ध ठेवणे, हाच येथे पिल्लाचा विमा होय.

एका नराच्या टोळीत ही युक्ती प्रसंगोपात्त वापरावी लागते. अनेक नरांच्या टोळीत ती नित्याची होते. दक्षिण नेपाळातील रामनगरच्या रानात अशाच टोळ्यांचा दीर्घ अभ्यास झाला. ते रान विरळ वस्तीचे, तेव्हा दाटीची सबब तेथे चालत नाही; आणि तरीही पिल्लांवर हल्ले तेथे होतात. विष्ठेतून मिळवलेल्या आनुवंशिक पुराव्याने १९९९ साली असे दाखवून दिले की हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, आणि पुढील पिल्लाचे बाप ते होऊ शकत होते. त्याच रानातील माद्यांच्या संप्रेरकांचा तपास २००१ साली प्रसिद्ध झाला. मादी पुष्कळ दिवस नरांना स्वीकारते, त्यांतल्या नेमक्या कोणत्या दिवशी बीज सुटते याचा नेम नसतो, आणि नरांना त्याचा पत्ता लागत नाही. श्रेष्ठ नर तिच्यामागे पहारा ठेवतो, पण कोणत्या दिवशी डोळ्यांत तेल घालून बसावे हे त्याला ठाऊक नसल्याने संततीचा मोठा वाटा इतरांच्या पदरी जातो. तेव्हा फिलिस जे आणि सुगियामा यांच्यापैकी कोणीच खोटे बोलले नव्हते. दोघांनी निरनिराळ्या घडणीच्या टोळ्या पाहिल्या होत्या.

ही घडण शरीरातही उतरते, ते थोडक्यात सांगतो. दीडशे किलोंहून अधिक वजनाच्या गोरिला नराची वृषणे उणीपुरी तीस ग्रॅम भरतात, कारण त्याच्या माद्यांत सहसा वाटेकरी नसतो; चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या चिंपान्झीची मात्र सव्वाशे ग्रॅमच्या घरात जातात, कारण एकाच मादीशी अनेक नर संग करतात आणि शर्यत शुक्राणूंची होते. मनुष्य या दोहोंच्या दरम्यान, गोरिलाच्या बाजूला, कोठेतरी बसतो. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत हा मुद्दा निघणारच म्हणून तो आताच सांगून टाकला, त्यावर कोणी विवाहसंस्थेचे इमले उभारू नयेत. पेरूच्या अरण्यातील खारीएवढ्या टॅमरिन माकडांत तर उलटाच मामला. मादीला बहुधा जुळे होते, त्यांचा भार एका नराला पेलत नाही. म्हणून एका मादीला पुष्कळदा दोन नर असतात, दोघांशीही तिचा संग होतो, आणि दोघेही पिल्ले पाठीवर वाहतात.

शेवटी आपल्याच लाल तोंडाच्या माकडाविषयी, जे घाटरस्त्यांवर मोटारी थांबवून शेंगदाणे वसूल करते. या जातीच्या टोळ्या परंपरेने अनेक नरांच्या असत, आणि नरांमध्ये बऱ्यापैकी मैत्रीही असे. पण बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलात, विशेषतः प्रवाशांच्या वर्दळीच्या पट्ट्यात, अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एकाच नराच्या लहान लहान टोळ्या आढळल्या. २००५ साली त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. आयते अन्न एका जागी मिळू लागले की मोठ्या टोळीचे प्रयोजन कमी होते, आणि थोड्या माद्या एका नराला आवरता येतात. दुसरी टोळी समोर आली की हे एकटे नर आपल्या माद्यांना हाकून मागे सारतात, जे या जातीत पूर्वी कोणी पाहिले नव्हते. आपल्या घाटांत आणि देवळांच्या पायऱ्यांवर जे नर बसलेले असतात, ते टोळीगणिक किती आहेत आणि गेल्या वीस वर्षांत त्यांत काय फरक पडला, ही मोजदाद करावयास फार मोठी सामग्री लागत नाही. कोणा तरुणाने वही घेऊन बसावे, आणि तेवढा वेळ शेंगदाण्याची पुडी खिशातच ठेवावी.