रात्रीचा पहारा कुणाचा?
इंडोनेशियाच्या खेड्यातील जीवित, वित्त आणि सुरक्षा

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



दरवर्षी आपण या व्यासपीठावरून बुद्धगया, सारनाथ, श्रीलंका, थायलंड यांच्याविषयी ऐकतो. मी यंदा विषय घेतला इंडोनेशियाचा. काही जण म्हणाले, तो तर मुस्लिम बहुसंख्य देश, आपला तिथं काय संबंध? संबंध आहे. जावा बेटावर बोरोबुदूरचा महास्तूप बाराशे वर्षांपासून उभा आहे. नालंदेच्या उत्खननात देवपाल राजाचा एक ताम्रपट सापडला. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने विहाराच्या खर्चासाठी पाच गावे लावून दिली, अशी त्यात नोंद आहे. आजही मध्य जावातल्या तेमांग्गुंग जिल्ह्यात बौद्ध शेतकऱ्यांची खेडी आहेत आणि विहाराला ते लोक 'विहारा'च म्हणतात.

पण आज मी स्तूपाविषयी बोलणार नाही. तिथल्या खेड्यातला साधा माणूस रात्री कुणाच्या भरवशावर झोपतो, ते सांगणार आहे.

त्यांच्या भाषेतले काही शब्द ऐका. खेड्याला म्हणतात 'देसा'. गावाच्या प्रमुखाला 'केपाला देसा', हा केपाला म्हणजे आपलं कपाळ. जीव म्हणजे 'जिवा'. मालमत्ता म्हणजे 'हार्ता', आपला 'अर्थ'. धोका म्हणजे 'बहाया', आपलं 'भय'. आणि सुरक्षित म्हणजे 'आमान', तो अरबीतून आलेला 'अमन'. जीव, अर्थ, भय आणि अमन. माणसाचा सगळा संसार या चार शब्दांत आला की नाही, सांगा.

आता जावाच्या खेड्यातली व्यवस्था बघा. गल्लीच्या तोंडाशी बांबूची नाहीतर विटांची एक चौकी असते. तिथं पोकळ केलेला लाकडाचा किंवा बांबूचा ओंडका टांगलेला असतो, त्याला म्हणतात 'केंतोंगान'. त्यावर टोला मारला की आवाज लांबवर जातो. ठोक्यांची भाषा ठरलेली. बऱ्याच ठिकाणी दोन-दोन ठोके म्हणजे चोरी, तीन-तीन म्हणजे आग. लहान पोरालाही ती कळते. रात्री पाच-सहा माणसं पाळीने जागतात, गल्लीबोळ फिरतात. या गस्तीला 'रोंडा' म्हणतात. आपल्याकडं पोलिसांची 'रोंद' म्हणतात, त्याच शब्दाचा हा भाऊ. आज या घराची पाळी, उद्या त्या घराची. बऱ्याच ठिकाणी पाळी चुकवली तर दंड भरावा लागतो. मी गिरणीतला माणूस. पाळीचा तक्ता म्हणजे काय आणि रात्रपाळी म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

याच गस्तीबरोबर 'जिंपितान' चालतं. जिंपित म्हणजे चिमूट. प्रत्येक घराबाहेर एक डबी नाहीतर वाटी टांगलेली असते. घरची बाई त्यात चिमूटभर तांदूळ घालून ठेवते, आता पुष्कळ ठिकाणी नाणं टाकतात. गस्तवाले फिरता फिरता ते गोळा करतात. त्यातून गल्लीचा फंड उभा राहतो. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झाली, गल्लीत दिवा लावायचा आहे, तर त्यातून पैसा मिळतो. डबी सकाळी रिकामी दिसली की गस्त झाली, हेही घरच्यांना कळतं. केवढी साधी गोष्ट! चिमूटभर तांदूळ कुणाला जड नाही, आणि शंभर घरांची चिमूट हलकी नाही.

हे ऐकताना मला आपल्या बापजाद्यांची आठवण होते. आपल्या गावात पहारा नव्हता का? होता. वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर महारच होता. गावाची चोरी त्याने धरायची, माग त्याने काढायचा, सरकारी सांगावा त्याने पोचवायचा. पण तो पाळीने नव्हता, जन्माने होता. ज्यांच्या कणग्या राखायच्या ते घरात झोपलेले, आणि राखणारा गावकुसाबाहेर, भाकरीसाठी दारोदार. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाचं बिल आणलं ते याच गुलामीविरुद्ध. वतनं कायद्याने गेली ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. म्हणून मी म्हणतो, पहारा वाईट नाही. तो कुणाच्या खांद्यावर आहे, हे आधी विचारा.

मात्र जावाचं खेडं म्हणजे सुखावती आहे, असा गैरसमज करून घेऊ नका. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावलं होतं. तोच चष्मा लावून आपण तिकडंही बघितलं पाहिजे.

या शेजारगटांचा आजचा साचा आला कुठून? १९४२ ते १९४५ जावावर जपानी लष्कराची सत्ता होती. त्यांनी आपल्या देशातली शेजारगटांची पद्धत तिथं आणली. रेशन वाटायला, मजूर पकडायला आणि माणसांवर नजर ठेवायला ती सोयीची होती. स्वातंत्र्यानंतर तीच पद्धत वेगळ्या नावाने राहिली. पुढं सुहार्तो यांच्या राजवटीत, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिसांनी गावोगावच्या गस्तीला देशभर एकच रूप दिलं. पाहुणा चोवीस तासांपेक्षा जास्त राहिला तर शेजारगटाच्या प्रमुखाला कळवा, अशा पाट्या गल्लोगल्ली लागल्या. त्या आजही दिसतात. म्हणजे चोरावर ठेवायची नजर शेजाऱ्यावरही राहिली.

आणि त्याहून काळी गोष्ट आहे. १९६५-६६ साली कम्युनिस्ट म्हणून तिथं किमान पाच लाख माणसं मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यामागं लष्कर होतं, पण पुष्कळ गावांत दार ठोठावणारा हात ओळखीचा होता. त्यानंतर प्रत्येकाला सरकारमान्य धर्माची नोंद असणं जिवाच्या दृष्टीनं गरजेचं झालं. मध्य आणि पूर्व जावात त्या काळात कित्येकांनी ख्रिस्ती, हिंदू आणि बौद्ध धर्माचा आसरा घेतला.

दुसरी गोष्ट १९९८ सालची. पूर्व जावाच्या बान्युवांगी जिल्ह्यात 'हा करणी करतो, हा जादूटोणा करतो' असं म्हणून शंभरावर माणसं मारली गेली. घाबरलेल्या गावांनी पहारे वाढवले. मग पहाऱ्यावरच्या जमावाने वाटेवरच्या अनोळखी माणसांना आणि वेड्या भटक्यांनाही मारेकरी समजून मारलं. तीच माणसं, तीच चौकी. पण कायदा हातात घेतला की राखणदाराचा खुनी व्हायला एक रात्र पुरते. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते आपण विसरलो नाही.

आता मालमत्तेकडे येऊ. चोराला पहारा अडवतो. पण चोर कागद घेऊन दिवसा आला तर? मध्य जावात केदुंग ओंबो धरणासाठी गावं उठवली. हजारो कुटुंबांची जमीन गेली. तुटपुंज्या मोबदल्याला जे 'नाही' म्हणाले त्यांच्यावर दडपण आलं. १९८९ च्या जानेवारीत पाणी अडवायला सुरुवात झाली, तेव्हा लोक अजून गावात होते. चौतीस जण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. १९९३ साली जिंकले आणि १९९४ साली फेरविचारात त्याच न्यायालयानं तो निकाल फिरवला. अहो, आपल्या बोरोबुदूरभोवती उद्यान करायचं म्हणून १९८० च्या दशकात स्तूपालगतच्या लोकांनाही घरं सोडावी लागली. स्तूपाचा अभिमान बाळगताना त्यांची आठवण ठेवणं, हीसुद्धा करुणा आहे.

तिथं १९६० साली जमिनीचा मूलभूत कायदा झाला. जमिनीचा हक्क मिळवण्याची संधी स्त्री-पुरुष दोघांना सारखीच, हे त्यात लिहिलं आहे. पण कायदा झाला म्हणून कागद घरी येत नाही. खेड्यातल्या माणसाजवळ जुनी कराची पावती असते. तो तीच मालकी समजतो, पण ती मालकी ठरत नाही. देशात बारा कोटी साठ लाख भूखंड, त्यातले २०१५ पर्यंत फक्त चार कोटी साठ लाखांनाच प्रमाणपत्र मिळालं होतं, असं राष्ट्राध्यक्ष असताना जोको विडोडो जाहीर सभांत सांगत. २०१७ पासून गावंच्या गावं मोजून प्रमाणपत्रं देण्याची मोठी मोहीम निघाली. पश्चिम सुमात्रात मिनांगकाबाऊ लोकांत तर वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीकडे जाते. आपल्या किती लेकींचं नाव घराच्या कागदावर आहे, हे प्रत्येकानं घरी जाऊन बघावं.

बंधूंनो, तथागतांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलं आहे. दीघनिकायातल्या चक्कवत्ती सीहनाद सुत्तात क्रम दिला आहे. गरिबाला धन मिळालं नाही की दारिद्र्य वाढतं, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या. आणि कूटदन्त सुत्तात उपायही आहे. नुसत्या शिक्षेनं चोर संपत नाहीत. शेतकऱ्याला बी-बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला पगार द्या, मग लोक दारं उघडी टाकून झोपतील. म्हणजे पहाऱ्याच्याही आधी पोट आहे.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. सुरक्षा ही सगळ्यांची पाळी आहे. ती एका जातीवर लादली की गुलामी होते, वरच्या हुकमानं चालली की हेरगिरी होते, कायद्याबाहेर गेली की खून होतो. आणि कागदाविना पहारा दिवसाच्या चोराला अडवू शकत नाही.

आपल्या वस्तीपुरत्या तीन गोष्टी मी विहार समितीपुढं ठेवतो. एक, जिंपितानसारखा फंड विहारात सुरू करावा, आठवड्याला घरटी मूठभर तांदूळ नाहीतर पाच रुपये, आणि हिशेब दर पौर्णिमेला फळ्यावर. दोन, संशयित सापडला तर अंगाला हात न लावता पोलिसांना बोलवायचं, आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या जिवाची जबाबदारी आपली. पाणातिपाता वेरमणी आपण रोज म्हणतो, ते रात्री दोन वाजताही लागू आहे. तीन, शिकलेल्या पोरांनी रविवारी विहारात बसून घरोघरचे घराचे कागद तपासावेत आणि नवऱ्याच्या जोडीने बायकोचं नाव लावायला मदत करावी.

 एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!