व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घुमतो तेव्हा

गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर सुरू केला की सुरांआधीच ‘घूंऽऽ’ ऐकू येतं? लगेच स्क्रूड्रायव्हर हाती घेऊ नका. आधी गिटारची केबल काढा. आवाज थांबला, तर दोष बाहेरचा, म्हणजे गिटारचा, केबलचा किंवा जवळच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचा. सिंगल कॉइल पिकअप तर ही घूं हमखास पकडतात.

थांबला नाही, तर नीट कान द्या. आपली वीज 50 हर्ट्झची. घूं त्याच खर्जात, मऊ असेल, तर फिलामेंटचं वायरिंग आणि अर्थिंग तपासावं. एक सप्तक वर, 100 हर्ट्झला, जरा खरखरीत लागली, तर संशय पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळतात, मग डीसीतली लहर त्यांच्याकडून गाळली जात नाही. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही घूं तेवढीच राहिली, तर संशय आणखी बळावतो. जुन्या ॲम्पमध्ये माझ्या मते पहिला आरोपी हाच.

अर्थिंगची पिन काढून घूं थांबवणारे महाभागही भेटतात. तो जिवाशी खेळ आहे. शिवाय ॲम्प बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये 400 व्होल्ट साठून असू शकतात. तेव्हा आतलं काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या.