तुकडी कोणाच्या ताटात?



तुकडी घरच्यांना आणि रस्सा आपल्याला, ही आपल्या चाळींतली जुनी रीत. परंतु तिशीनंतर दर दशकात स्नायू सुमारे ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर अधिकच. पन्नास किलो वजनाच्या वृद्धेला रोज निदान ५० ग्रॅम प्रथिने हवीत. १०० ग्रॅम बांगड्यात ती सुमारे २० ग्रॅम मिळतात. नुसत्या रस्स्यात फारच थोडी.

मात्र केवळ मासळी-मटणाने बळ येत नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठावे, कठडा धरून टाचा उचलाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. भाजी-भाकरी सोडू नये.

भगिनींनो, चिंचपोकळी स्टेशनचा जिना उतारवयातही आपल्याच पायांनी चढायचा, तर आज एक तुकडी आपल्याही ताटात वाढून घ्या!